गाडी अडते कोठे?

व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरी, शिवकाल आणि देशाचे अर्थकारण यांवर अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. त्यांच्या पंक्तीत मी बॅटरीवर बोलावयाला उभा राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांनी आणि गॅरेजमधल्या मिस्त्रींनी केले. त्या दोघांकडून जे मिळाले त्यातला एक लहानसा तुकडा आज सांगावयाचा आहे. जुनी मोटारगाडी चालू होत नाही, किंवा चालू झाली तरी तिची बॅटरी भरत नाही, तेव्हा दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे?

खुटबाव, यवत, केडगाव या पट्ट्यात अजूनही एखाद्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जुनी गाडी निघते. बहुधा ती पद्मिनी असते. या गाडीशी आपले नाते जवळचे आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. पलीकडच्या इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने आहे तेच हे गृहस्थ, जन्माने सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ११०० जातीची गाडी तयार होऊ लागली, आणि १९७०च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालची; टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी गाडी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. गाड्या गेल्या त्याबरोबर त्या दुरुस्त करणारे हातही पांगले. आज नव्या वर्कशॉपमध्ये पद्मिनी नेली तर संगणकाची वायर जोडावयाला जागा सापडत नाही म्हणून पोरे चक्रावतात आणि सरळ म्हणतात, “बॅटरी बदला.” ती बदलूनही गाडी अडते, मग सेल्फ बदलतात, मग डायनामो. मालकाचे आठदहा हजार रुपये जातात आणि दोष जागच्या जागी राहतो.

आमच्या क्षेत्रात एक नियम आहे. कामगारावर आरोप आला तर आधी चौकशी आणि मग शिक्षा. आधी बडतर्फी आणि मग चौकशी, हा प्रकार बेकायदा. बॅटरीला मात्र हा कायदा लागू नाही! गाडी अडली की पहिली बडतर्फी तिची. वस्तुतः चौकशीला लागणारे साहित्य चारपाचशे रुपयांत येते: एक मल्टिमीटर, वायर जोडलेल्या बारा व्होल्टच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, थोडा काचकागद आणि एक पाना.

प्रथम गाडीतली वीज कशी फिरते ते पाहू. विहिरीवरच्या पंपाचा दाखला घेऊ. बॅटरी ही पाण्याची टाकी, डायनामो हा ती भरणारा पंप. टाकीतल्या पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट, आणि पाइपातून दर क्षणाला जाणारे पाणी म्हणजे ॲम्पिअर. पंप बंद पडला तर टाकीतले पाणी उलटे विहिरीत जाऊ नये म्हणून आपण फुटव्हॉल्व बसवतो. गाडीत ते काम ‘कटआउट’ करतो. इंजिन मंद झाले व डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा उतरला की कटआउट आपला संपर्क सोडतो. त्याच डबीत, कटआउटशेजारी, रेग्युलेटर असतो. टाकी ओसंडून वाहू नये म्हणून तो पंपाला आवर घालतो. पण एका बाबतीत हा दाखला लंगडा पडतो. पाणी पिकाला दिले की संपले. वीज मात्र परत यावी लागते. बॅटरीच्या एका टोकाकडून निघून, काम करून, तिला दुसऱ्या टोकाला पोचावेच लागते. मोटारीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंड, ज्याला मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. जुन्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी या परतीच्या वाटेवर असतात, आणि तिकडे कोणी पाहत नाही. पद्मिनीत ऋण टोक बॉडीला असते. जुन्या इंग्रजी गाड्यांत पुष्कळदा धन टोक बॉडीला असते. म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

आता तक्रार. ‘गाडी चालू होत नाही’ ही एक तक्रार नाही, त्या तीन आहेत. सेल्फ फिरतच नाही, ही पहिली. सेल्फ रडतरडत फिरतो, ही दुसरी. सेल्फ जोमाने इंजिन फिरवतो पण इंजिन पेट घेत नाही, ही तिसरी. तिसरीशी बॅटरीचा बहुधा संबंध नसतो. तेथे पेट्रोल आणि ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल तर ‘डेल्को’चे झाकण काढून पॉइंट साफ करावेत, त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे की नाही ते पाहावे आणि झाकणात ओल किंवा तडा नाही याची खात्री करावी. पावसाळ्यात नुसत्या कोरड्या फडक्याने झाकण पुसून चालू झालेल्या गाड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

‘डेल्को’ हा शब्द आपल्या मिस्त्रींच्या तोंडी इतका रुळला आहे की तो त्या डबीचेच नाव वाटतो. वस्तुतः ते एका कंपनीचे नाव. अमेरिकेतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या आद्याक्षरांचे डेल्को झाले. कॉइल आणि पॉइंट यांनी ठिणगी पाडण्याची पद्धत याच केटरिंगने मोटारीत रुळवली, आणि १९११ साली विजेचा सेल्फ तयार केला. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. त्यापूर्वी इंजिन हँडलाने फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. सेल्फने ड्रायव्हरचे हात वाचवले.

पहिल्या दोन तक्रारींसाठी मिस्त्री लोकांची एक जुनी परीक्षा आहे. तिला पैसा लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे गाडीवाले तात्या तणतणत आले: “मिस्त्री, नवी बॅटरी घालून टाका एकदाची.” मिस्त्री जागचे उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “थांबा तात्या, आधी मोठे दिवे लावा, मी समोर उभा राहतो. आता सेल्फ मारा.” एवढ्यावर त्यांनी निदान केले. त्यामागचे तर्कशास्त्र असे. सेल्फ मारताच दिवे एकदम विझले आणि सोडताच पुन्हा लागले, तर बॅटरीच्या खुंट्यांवरचे क्लॅम्प तपासावेत. तेथे पांढरट-हिरवट बुरशी धरलेली असते; दिव्यांपुरता थोडा प्रवाह तिच्यातून जातो, सेल्फचा मोठा प्रवाह जात नाही. दिवे मंद होत गेले आणि सेल्फ कण्हला, तर बॅटरी उतरलेली असेल, किंवा सेल्फच आतून जड झाला असेल. त्याचे बुश झिजले की आर्मेचर घासू लागते आणि प्रवाह फार खेचते. दिवे तसेच्या तसे लखलखीत राहिले आणि सेल्फ गप्प, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. किल्लीचा स्विच, सॉलेनॉइड, सेल्फची वायर किंवा आतले झिजलेले कार्बन पाहावेत. आणि सेल्फ नुसताच घर्रर्र करून मोकळा फिरला, इंजिन हललेच नाही, तर विजेचा दोष नाही. बेंडिक्स अडकला आहे किंवा दात गेले आहेत. तात्यांचे दिवे विझले होते. मिस्त्रींनी क्लॅम्प काढले, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतले, काचकागदाने खुंट्या चकचकीत केल्या, घट्ट बसवून वरून व्हॅसलिन लावले. नवी बॅटरी दुकानातच राहिली.

मात्र प्रत्येक दोष असा डोळ्यांना दिसत नाही. तेथे मल्टिमीटर लागतो. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांचे सहा सेल. प्रत्येकाचे दोन व्होल्टांहून थोडे जास्त. फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते याने १८५९ साली ही रचना शोधली, आणि मुळात ती आजही तीच आहे. रात्रभर स्वस्थ पडलेल्या बॅटरीने १२.६ व्होल्ट दाखवले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच बंद करून हे माप घेऊ नये. तेव्हा आकडा फुगलेला असतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल स्वतंत्र तपासावा. पाच सेल सारखे आणि एक खूपच उतरलेला दिसला, तर मात्र बॅटरी खरोखरच गेली. तिला चार्जिंगला ठेवून भाड्याचे पैसे घालवू नयेत. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल वॉटर घालावे, ॲसिड घालू नये. आणि बॅटरीजवळ विडी किंवा काडी नको. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो; त्याच्या भडक्याने बॅटरी फुटून डोळ्यांत आम्ल गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

बॅटरी चांगली आहे, तरी सेल्फ रडतो. अशा वेळी वाटेत वीज कोठे अडते ते मापावे. सेल्फ सुमारे दोनशे ॲम्पिअर खेचतो. एखाद्या सांध्याचा विरोध एका ओहमचा फक्त शंभरावा भाग असला, तरी दोनशेला शंभराने भागून दोन व्होल्ट तेथेच खर्च होतात. हे गणित ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडले. ओझ्याखाली बॅटरी साडेदहा व्होल्टांवर येतेच; त्यातून दोन गेले म्हणजे सेल्फला साडेआठ उरले. तो रडणार नाही तर काय! आणि हाच सांधा दिव्याच्या चारपाच ॲम्पिअरला काहीच अडवत नाही. म्हणून ‘दिवे तर लागतात, मग वायर बरोबरच आहे’ हा युक्तिवाद फसवा आहे. माप असे घ्यावे: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष खुंटीवर, आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, कॉइलची वायर काढून, दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगावे. आकडा पाव व्होल्टाच्या आत असावा. अर्ध्या व्होल्टावर गेला तर परतीची वाट खराब आहे. तसेच धन खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत मापावे. तेथेही अर्धा व्होल्ट ही शेवटची मर्यादा.

एका टॅक्सीवाल्याने वर्षात तीन बॅटऱ्या घेतल्या होत्या. इंजिन खाली उतरवताना कोणीतरी इंजिन व बॉडी यांना जोडणारी जाळीदार अर्थपट्टी काढली, आणि पुन्हा बसवलीच नाही. इंजिन तर रबराच्या मांडणीवर बसलेले. वीज परत जाणार कशी? ती चोकच्या तारेतून जात होती. सेल्फ मारला की चोकची मूठ गरम होई. या एका खुणेवरून दोष सापडला. शंभर-दोनशे रुपयांची पट्टी बसवताच त्याच बॅटरीवर गाडी फुलासारखी चालू झाली. बोलावयाचे तात्पर्य हे की, बॅटरी दोषी ठरवण्यापूर्वी तिच्या दोन्ही वाटा तपासाव्यात.

आता बॅटरी भरण्याकडे वळू. इंजिन चालू करून, थोडा वेग देऊन, बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्ट मापावेत. १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान आकडा आला तर बॅटरी भरते आहे. इंजिन चालू असूनही १२.५ च्या आसपास रेंगाळला तर ती भरत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीतले पाणी उकळून उडेल आणि बल्ब जळतील.

समोरच्या पट्टीवरच्या लाल दिव्याचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. हा दिवा एका बाजूने बॅटरीला आणि दुसऱ्या बाजूने डायनामोला जोडलेला असतो. दोघांचा दाब सारखा झाला की त्याच्यातून वीज वाहत नाही, आणि तो विझतो. तो विझला म्हणजे बॅटरी भरपूर भरते असे नाही. डायनामो बॅटरीच्या बरोबरीला आला, इतकेच तो सांगतो. किल्ली फिरवताच तो लागलाच नाही तर बल्ब गेला असेल, तो आधी बदलावा. धावता धावता एकाएकी लागला तर गाडी लगेच बाजूला घ्यावी, कारण फॅन बेल्ट तुटला असण्याचा संभव असतो, आणि तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. पुढे रेटली तर इंजिन तापून हेड वाकेल. बेल्ट शाबूत असेल तर मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबावा. जास्त सैल असेल तर तो घसरतो, फार ताठ असेल तर डायनामोचे बेअरिंग खातो.

डायनामोची एक मर्यादा पुष्कळांना माहीत नसते, आणि आपल्याकडे तिचा अनुभव लग्नसराईत येतो. मंद फिरणाऱ्या इंजिनावर डायनामो वीज देत नाही. जुन्या पद्मिनीचा डायनामो पूर्ण वेगात सोळाच्या आसपास ॲम्पिअर देतो, पण वरातीच्या चालीने तो शून्यावर असतो. आता वरात डोळ्यांसमोर आणा. हारांनी सजवलेली गाडी, मोठे दिवे चालू, बँडच्या मागे पावलापावलाने चाललेली. दिवे आणि इंजिनाची ठिणगी मिळून दहा ॲम्पिअर धरले तरी दोन तासांत वीस ॲम्पिअर-तास बॅटरीतून गेले. बॅटरी मुळात चाळीसची असेल तर निम्मी संपली. वर हल्ली गाणी लावावयाचे मोठे यंत्र जोडतात. मांडवापाशी गाडी बंद केली की पुन्हा लागत नाही, आणि नवरदेवाचे मित्र धक्का मारतात. येथे काही बिघडलेले नसते! जमाखर्चाची तोंडमिळवणी झालेली नसते. दुसऱ्या दिवशी सोलापूर रस्त्याला तीनचार तास गाडी पळवली की तूट भरून निघते. शेडमध्ये उभ्या गाडीचे इंजिन रोज पाच मिनिटे घोंगावत ठेवणारे मालकही याच हिशेबाने बॅटरी रिकामी करीत असतात. सेल्फने जे घेतले तेही परत जात नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी, आणि मधल्या काळात अर्थची वायर काढून ठेवावी.

बेल्ट ठीक, वेग दिला, तरी व्होल्ट चढत नाहीत. तर डायनामो की डबीतला रेग्युलेटर, हे ठरवावे लागते. अँबॅसिडरसारख्या लुकास पद्धतीच्या डायनामोवर ही परीक्षा सोपी आहे. त्याच्या दोन्ही वायरी काढून ती दोन्ही टोके एकमेकांना जोडावीत, तेथून बॉडीपर्यंत मल्टिमीटर लावावा आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. आकडा भराभर चढला तर डायनामो निर्दोष, दोष वायरीत किंवा डबीत. वीस व्होल्टांच्या पुढे मात्र चढू देऊ नये. आकडा शून्यावरच राहिला तर बहुधा कार्बन झिजले किंवा अडकले आहेत. ते बदलून कम्युटेटर बारीक काचकागदाने पुसला की पुष्कळदा काम होते. चारपाच व्होल्टांवर अडकला तर आर्मेचरचे वायंडिंग पाहावे. ज्या डायनामोची जोडणी कोणत्या पद्धतीची आहे हे ठाऊक नाही, त्याच्यावर हा प्रयोग करू नये, मिस्त्रीला विचारावे.

कटआउटचा दोषही लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याचे संपर्क कधीकधी चिकटून बसतात. मग गाडी बंद असतानाही बॅटरी डायनामोतून वाहत राहते, फुटव्हॉल्व गळावा तशी. सकाळी बॅटरी रिकामी आणि डायनामो हाताला कोमट, ही त्याची खूण. कोमट नसेल तर गळती दुसरीकडे आहे. बॅटरीची एक वायर काढून खुंटी व वायर यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरावा. सगळे बंद असताना तो मुळीच लागता कामा नये. लागला तर फ्यूज एकेक काढत जावे. ज्या फ्यूजने दिवा विझेल त्या वाटेवर चोर आहे. उसाच्या आणि धान्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपल्या गाड्यांत हा चोर बहुतेकदा उंदीर असतो. तो वायरींचे आवरण कुरतडतो, उघडी तार बॉडीला टेकते. हा प्रकार केवळ बॅटरी उतरवत नाही, गाडी पेटवतो. म्हणून अशी वायर सापडली की चिकटपट्टी गुंडाळून भागवू नये, बदलावी.

शेवटच्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत, आणि मागाहून बदल केलेल्या जुन्या गाड्यांतही, डायनामोच्या जागी आल्टरनेटर असतो. तो मंद वेगातही वीज देतो, वरातीला तो चांगला. पण जुन्या मिस्त्रींची एक सवय त्याला मारक आहे. डायनामो चालतो की नाही हे पाहावयाला ते चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघत. इंजिन चालू राहिले तर डायनामो ठीक. आल्टरनेटरवर असे केले तर एका क्षणात व्होल्ट भडकतात आणि त्याचे डायोड जळतात. बॅटरी उलटी जोडली तरी तेच होते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सेल्फ मारावयाचा असेल तर धनाला धन जोडावे, आणि शेवटची ऋण वायर उतरलेल्या बॅटरीच्या खुंटीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या लोखंडाला लावावी; म्हणजे ठिणगी पडलीच तर ती हायड्रोजनपाशी पडणार नाही.

इतकी चौकशी होऊन बॅटरीच अपराधी ठरली तर ती बदलावी. काढताना आधी ऋण वायर, लावताना ती शेवटी. म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी स्फोटक ठिणगी उडत नाही. जुनी बॅटरी घरी फोडून शिसे वितळवण्याचा उद्योग कोणी करू नये, आणि तिचे आम्ल बांधावर ओतू नये. शिशाचा धूर आणि भुकटी पोटात जाते व लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. हे काम करणाऱ्या मजुरांची पोटदुखी आणि रक्तक्षय मी जवळून पाहिला आहे. बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. जुनी परत घेऊन ती पुढे अधिकृत कारखान्यात पोचवण्याची व्यवस्था २०२२ च्या नियमांत आहे, आणि शिशाला मोल असल्यामुळे नव्या बॅटरीच्या किमतीतून दुकानदार काही रक्कम कमीही करतो. ती मागून घ्यावी, आणि पावतीवर जुन्या बॅटरीची वजावट वेगळी लिहून घ्यावी.